जुन्या एकबारी रायफलीचे चेंबर बदलावे का? उत्तर गोव्यातील एका तपासणी-सेवेचा अनुभव

वारशाने आलेल्या रायफलीचे चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची पोकळी, आज मिळणाऱ्या काडतुसासाठी बदलून घ्यावे की नाही, हा प्रश्न घेऊन मी उत्तर गोव्यातील एका परवानाधारक शस्त्रदुरुस्ती दुकानात गेलो आणि तिथून मोजमापांसह लेखी नकार घेऊन परतलो. त्या नकाराचे पैसे मोजावे लागले. ते मला जास्त वाटले नाहीत. ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी रायफल कपाटात पडून आहे आणि तिचे करायचे काय, या विचारात जे आहेत, त्यांना या सेवेचा उपयोग होईल असे वाटल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मालकांच्या सांगण्यावरून दिलेले नाही. गोव्यात अशी दुकाने इतकी थोडी आहेत की ज्याला गरज आहे त्याला चौकशी करून ते सहज सापडेल.

आमची रायफल बी.एस.ए. कंपनीची मार्टिनी कॅडेट आहे. मुक्तीनंतर आजोबांनी ती बेळगावच्या एका विक्रेत्याकडून रीतसर घेतली होती आणि सत्तरीतल्या आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागायतीच्या) घरी ती तेव्हापासून आहे. खालचा तरफेसारखा दांडा ओढला की आतला ठोकळा मागच्या पिनेवर फिरून पुढच्या टोकाने खाली उतरतो, काडतूस हाताने सरकवायचे, दांडा वर घ्यायचा, की रायफल एका बारासाठी तयार. तिचे काडतूस .३१० कॅडेट. इंग्लंडमधल्या ग्रीनर यांनी १९०० च्या सुमारास ते काढले, म्हणून त्याला .३१० ग्रीनर असेही म्हणतात. १२० ग्रेनच्या (पावणेआठ ग्रॅमच्या) आसपासची शिशाची गोळी, माफक दारू, खांद्याला जवळजवळ न जाणवणारा धक्का, असे हे शाळकरी मुलांना नेमबाजी शिकवण्यासाठी काढलेले काडतूस होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने या रायफली मोठ्या संख्येने घेतल्या आणि पुढे त्या सामान्य लोकांना विकल्या, त्यामुळे चेंबर बदलण्याचे सर्वाधिक प्रयोगही त्याच देशात झाले. आपल्याकडे जे सल्ले फिरत फिरत येतात त्यांचे मूळ बहुतेक तिथलेच असते आणि तिथली परिस्थिती इथे लागू होत नाही, हे सल्ला देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

अडचण एकच आहे आणि ती म्हणजे काडतूस. आपल्या देशात नागरी परवान्यावर जे सहज मिळते ते म्हणजे .२२, .३१५, .३०-०६, रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची शक्तिमान काडतुसे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून सरकारी आयुध कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये विभागले गेले, खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे आला, तरी या यादीत .३१० ची भर पडण्याचे काही कारण नाही. परदेशातून मागवण्याची सवलत नामांकित नेमबाजांना मिळते, माझ्यासारख्याला नाही. घरी काडतुसे भरणे हाही परवान्याशिवाय करण्याचा उद्योग नव्हे. म्हणजे रायफल शाबूत, परवाना चालू, आणि चेंबरमध्ये घालायला काही नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कुळागर म्हटले की पुढचा प्रश्न रानडुकराचाच येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि मला या रायफलीने कोणतेही जनावर मारायचे नाही. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या आमच्या शेजाऱ्यांकडे ठासणीच्या किंवा एकनळी बाराबोअर बंदुका आहेत, आणि निवडणूक लागली की त्याही पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या आठवड्यांत डुकरांची चंगळ होते ती वेगळीच कहाणी. मला ही रायफल मान्यताप्राप्त रेंजवर कागदी लक्ष्यावर अधूनमधून चालवता यावी, एवढीच इच्छा होती.

या दुकानात जाण्यापूर्वी दुसऱ्या एका कारागिराला मी रायफलीचे फोटो दाखवले होते. त्यांनी रायफल हातात न घेता, नळीचे माप न काढता, ‘होऊन जाईल’ असे सांगून ठोक रक्कमही सांगितली. कोणत्या काडतुसासाठी, असे विचारल्यावर ‘तुम्ही म्हणाल त्यासाठी’ हे उत्तर मिळाले. उत्साह चांगलाच म्हणायचा, पण चेहऱ्यापासून हातभर अंतरावर स्फोट होणाऱ्या वस्तूविषयी इतका उत्साह मला मानवला नाही.

या दुकानात सुरुवातच निराळी झाली. मालकांनी आधी परवाना मागितला, त्यावरचा क्रमांक रायफलीच्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, बोअरचा (नळीच्या मापाचा) रकाना वाचला, नोंदवहीत नोंद केली, पावती फाडली आणि मगच रायफलीला हात लावला. तोपर्यंत मी घेत असलेली .३२-२०, .३५७, .२२ हॉर्नेट ही काडतुसांची नावे त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. नंतर एवढेच म्हणाले, ‘‘बाब, नळी काय सांगते ते आधी बघूया, काडतूस मागाहून ठरवू.’’ कामाचा क्रम असाच असायला हवा आणि बहुतेक चर्चा नेमकी याच्या उलट क्रमाने चालते.

तपासणीचे काम त्यांच्याकडचे वयस्क कारागीर करतात आणि समोर बसून पाहू देतात, ही या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. या मार्टिनीची एकच आडवी पिन काढली की आतली सगळी यंत्रणा एकसंध खाली उतरते आणि नळी मागून पुढपर्यंत आरपार दिसते. म्हणजे सफाईची सळई मागून घालण्याची सोय मुळातच आहे. तरीही आमच्या घरातल्या पिढ्यांनी ती पिन कधी काढलेली नसावी, कारण नळीचे तोंड एका बाजूला सळईच्या घर्षणाने झिजून किंचित लंबगोल झाले होते. कारागिरांनी भिंग देऊन ती झीज मला दाखवली: गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांपैकी खालच्या बाजूच्या खाचा तोंडाशी येऊन पुसट होतात, वरच्या अजून धारदार आहेत. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणी वायू एका बाजूने आधी निसटला की नेम बिघडणार. त्यासाठी काडतूस बदलून काही उपयोग नाही. चेंबरच्या पुढे, जिथून खाचा सुरू होतात तिथे, गंजाचे बारीक खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या (दारू पेटवणाऱ्या बुडाकडच्या भागातल्या) रसायनातून मागे राहणारा क्षार हवेतले पाणी ओढून घेतो आणि तो नुसत्या तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सत्तरीत तेलाचा बोळा फिरवून ठेवलेल्या रायफलीचे असे होणे स्वाभाविक आहे.

त्यानंतर चेंबरचा साचा काढला. यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. त्यात बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम असते आणि तो गरम पाण्याच्या भांड्यावरही वितळतो, कारण ७० ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यानच तो पातळ होतो. नळीत थोडे पुढे बोळ्याची बूच बसवून तो चेंबरमध्ये ओतला. थिजल्यावर तो प्रथम किंचित आकसतो, म्हणून साचा सुटून येतो, आणि नंतर हळूहळू फुगू लागतो; सुमारे तासाभराने त्याचे माप चेंबरच्या मापाशी तंतोतंत जुळते. त्यामुळे घाईने मोजले तर माप कमी भरते आणि दुसऱ्या दिवशी मोजले तर जास्त. कारागिरांनी साचा बाहेर काढल्यावर घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहिली, चहा मागवला आणि तास होईपर्यंत मायक्रोमीटरला हात लावला नाही. तो करड्या रंगाचा गुळगुळीत तुकडा हातात घेतल्यावर चेंबरच्या भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा त्यावर उमटलेला दिसतो.

दरम्यान नळीचा व्यास काढण्यासाठी मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून ठोकत पुढे नेली आणि बाहेर आल्यावर तिच्यावर उठलेले उंचवटे मोजले. माप आले .३२१ इंच. नावातला .३१० हा आकडा या कामात फारसा उपयोगी नाही, हे इथे कळते. या काडतुसाची मूळ गोळी टाचेची असते, म्हणजे गोळीचा मागचा बारीक भाग पितळी नळकांड्यात बसतो आणि पुढचा जाड भाग नळकांड्याच्या बाहेरच्या व्यासाइतका असतो. आजच्या काडतुसांत अशी रचना जवळजवळ .२२ पुरतीच उरली आहे. सगळा तिढा या एका मापात आहे.

सर्वांत सोपा म्हणून सुचवला जाणारा बदल .३२-२० चा. बुडाचे माप जवळपास तेच, नळकांडे .३१० पेक्षा लांब, १.३१५ इंचाचे, त्यामुळे रीमर (भोक मोठे करणारे कातण्याचे हत्यार) फिरवून चेंबर थोडे लांबवले की काम झाले, असे कागदावर दिसते. रीमर फक्त धातू खरवडून काढू शकतो, भरून देऊ शकत नाही; म्हणून नवे काडतूस जुन्यापेक्षा प्रत्येक मापात थोडे तरी मोठे असावे लागते आणि .३२-२० ही अट जवळपास पुरी करते. परंतु .३२-२० ची गोळी .३१२ इंचाची. आमच्या नळीत ती नऊ हजारांश इंच सैल पडणार, खाचांना धरणार नाही, वायू बाजूने पुढे जाणार, शिसे नळीत माखणार आणि शंभर यार्डांवर कागदात छिद्रे कुठेही पडणार. आणि एवढे करून .३२-२० तरी आपल्याकडे कुठे मिळते? एका दुर्मीळ काडतुसाच्या जागी दुसरे दुर्मीळ काडतूस आणण्यासाठी मूळ चेंबर कायमचे घालवायचे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो, असा प्रश्न मालकांनी विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

.३५७ मॅग्नमसाठी नुसते चेंबर बदलून भागत नाही, संपूर्ण नळी आतून मोठी करून नव्याने खाचा पाडाव्या लागतात. .२२ हॉर्नेट किंवा .२२२ रेमिंग्टनसाठी नळीच नवी लागते. ऑस्ट्रेलियात स्पोर्टकोसारख्या कंपनीने याच कॅडेटच्या सांगाड्यावर तशा रायफली बनवल्या, म्हणून सांगाडा कच्चा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दाबाचा विचार वेगळा करावा लागतो. .३५७ चा कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड, .२२२ चा ५०,००० पौंड, आणि दोन्ही काडतुसांच्या बुडाचा व्यास जवळजवळ सारखाच. त्यामुळे मागच्या ठोकळ्यावर बसणारा ठोसा दाबाच्याच प्रमाणात वाढतो. .३१० चा दाब या दोहोंच्या कितीतरी खाली आहे. शंभरीच्या पुढे गेलेल्या पिनेने आणि ठोकळ्याने हा ठोसा रोज का सोसावा, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कारागिरांनी सुईने दाखवला: आमच्या रायफलीची आघातपिन जाड आहे आणि तिचे छिद्र त्याहून सैल. कमी दाबाला ते चालते, जास्त दाबाला काडतुसाची टोपी त्या छिद्रात मागे फुगते, कधी फुटते आणि गरम वायू नेम धरणाऱ्याच्या दिशेने येतो. म्हणजे छिद्र बुजवून नवी बारीक पिन बसवणे हेही त्याच कामात आले. शिवाय मार्टिनीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेले नळकांडे बाहेर ओढणारा भाग, सौम्य स्वभावाचा आहे. दाबाने चेंबरला चिकटलेले नळकांडे तो जोर लावून उपटू शकत नाही.

चेंबर बदलणे हे मुळातच वाईट, असा या सगळ्याचा अर्थ मी घेतलेला नाही आणि दुकानदारांनीही तसे सांगितले नाही. .२२ हॉर्नेटची एखादी निरोगी एकबारी रायफल के-हॉर्नेटसाठी बदलणे हे शहाणपणाच्या बदलाचे नेहमीचे उदाहरण आहे. लाइसल किलबर्न यांनी १९४० मध्ये काढलेल्या या रूपात बूड तेच, कड तीच, गोळी तीच; फक्त नळकांड्याच्या उतरत्या भिंती सरळ केल्या आहेत. बदललेल्या चेंबरमध्ये साधे हॉर्नेट काडतूसही झाडता येते आणि झाडल्यावर त्याचे नळकांडे नव्या आकाराचे होऊन बाहेर पडते, म्हणजे जुने काडतूस हातचे जात नाही. नळी आणि गोळी यांचे नाते जिथे जसेच्या तसे राहते तिथे बदल फळतो. त्यातही नव्या आकाराचा पूर्ण लाभ मिळतो तो स्वतः काडतुसे भरणाऱ्याला, आणि तो प्रकार आपल्याकडे जवळपास नाहीच.

उरला पर्याय नळीत अस्तर, म्हणजे आतून दुसरी बारीक नळी, बसवून .२२ करण्याचा. विलायतेतल्या अनेक जुन्या रूक रायफलींचे (पक्ष्यांच्या शिकारीच्या हलक्या रायफलींचे) पुढे हेच झाले. काडतूस मिळण्याच्या दृष्टीने हा एकच मार्ग खरा. पण .३१० ची टोपी मधोमध असते आणि .२२ ला आघात कडेवर लागतो. म्हणून एकतर ठोकळा बदलायचा किंवा अस्तराचे भोक मध्यापासून थोडे सरकवून घ्यायचे. हे काम आम्ही करत नाही, असे मालकांनी सरळ सांगितले. न येणारे काम येते म्हणून सांगणाऱ्यांचा सुळसुळाट असताना हे वाक्य ऐकून बरे वाटले.

कायद्याच्या बाजूने त्यांनी दिलेली माहिती मी नंतर स्वतः पडताळली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी ही कामे त्यासाठीचा परवाना असलेल्यानेच करायची असतात. वडिलांच्या नावावरचा बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. बोअर परवान्यावर लिहिलेला असल्यामुळे बदल करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी हवी, केल्यानंतर नव्हे, आणि निवडलेले काडतूस निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या मापांमध्ये) मोडत असेल तर बोलणेच खुंटले. नळीचे झिजलेले तोंड नव्याने कातण्याची माझी विनंतीही त्यांनी तूर्त बाजूला ठेवली, कारण त्यात नळी केसभर का होईना आखूड होते आणि नळी आखूड करण्याविषयी कलम ६ आहे. कार्यालयाचे पत्र आणा, मग करू, असे त्यांचे म्हणणे. मला हा काटेकोरपणा थोडा अतीच वाटला, पण त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित असाच वागलो असतो. ‘जुनी आहे, तिला परवाना कशाला?’ असे म्हणणाऱ्यांसाठी: कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्यापुराण्या हत्यारांना आहे. आमची रायफल उद्या काडतूस मिळाले तर चालेल, म्हणून परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे न चालणारी रायफल त्यातली एक जागा अडवून बसते हेही खरे आहे, आणि ज्यांच्याकडे आधीच दोन शस्त्रे आहेत त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा येईल.

तक्रारीच्या जागाही आहेत. दिलेली वेळ दोनदा बदलली गेली आणि एकदा ते मला दुकानाशी पोहोचल्यावरच कळले. वाळपईच्या पलीकडून येणाऱ्यासाठी ती छोटी गोष्ट नाही. फोन उचलला जाईलच असे नाही. अहवाल एका पानाचा, नीटनेटका, पण केवळ इंग्रजीत आहे. तो माझ्या वडिलांना मी वाचून, समजावून दाखवला. मापे दिली आहेत, मात्र कोणत्या मापाचा निर्णयावर काय परिणाम होतो ते तोंडीच सांगितले गेले, लिहिलेले नाही. समोर बसून ऐकले म्हणून मला कळले; नुसता कागद मिळालेल्याला कळणार नाही. शिवाय दुकानात बसण्याची जागा अगदीच अपुरी आहे.

शुल्क आधी सांगितले तेवढेच घेतले. तपासणी, साचा आणि अहवाल मिळून ते दोन हजारांच्या आत होते. सेरोसेफचा साचा त्यांनी मला दिला नाही, कारण काही दिवसांत तो फुगून चुकीचे माप दाखवतो आणि मग लोक त्यावरून भांडायला येतात. शिशाची गोळी मात्र पाकिटात घालून, वर माप लिहून दिली.

आमच्या घरी ठरले ते असे: चेंबर जसे आहे तसेच राहील, कलम ६ साठीचा अर्ज मी जिल्हाधिकारी कार्यालयात देईन, आणि अस्तराचा विचार वडिलांच्या नावावरचा परवाना माझ्या नावावर झाल्यानंतर, ते काम प्रत्यक्ष करून दाखवू शकणारा परवानाधारक कारागीर सापडला तरच करू. या दुकानात जाणाऱ्यांनी मूळ परवाना सोबत न्यावा, छायाप्रत चालत नाही; वेळ घेतल्यावर आदल्या दिवशी पुन्हा खात्री करून घ्यावी; आणि साच्यासाठी नळी कोरडी लागते, म्हणून निघण्यापूर्वी तिला तेल लावू नये.